पैलवानाला लाल माती, मग नाचणाऱ्या पोरींना फरशी का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत स्पेनच्या फ्लॅमेंको नाचावर मजकूर आला होता, म्हणजे फोटो अर्धं पान आणि मजकूर सात-आठ ओळींचा, लाल झालरीचा झगा, केसात फूल, हातात पंखा आणि खाली लिहिलेलं की हा नजाकतीचा नाच आहे. त्यावरून हे पत्र लिहितेय. मोठं होणार आहे, जागा नसेल तर मधलं कापा पण शेवटचं फरशीचं आणि गॅदरिंगचं तेवढं कापू नका, कारण खरं तर त्याच्यासाठीच लिहायला बसलेय.

मी सांगलीत विश्रामबागला कथकचा क्लास घेते. लग्नाआधी पुण्यात नोकरीला होते तेव्हा तिथं एका बाईंकडे फ्लॅमेंको शिकले, त्या स्वतः स्पेनमधल्या सेव्हिया शहरात राहून शिकून आलेल्या. लहानपणापासून कथक केलेलं त्यामुळं पाय तयार होते, लय होती, तरी सुरुवातीचे काही महिने जिना उतरताना कठड्याला धरावं लागायचं इतक्या पोटऱ्या भरून यायच्या. नजाकत आहे त्यात, नाही असं नाही, पण ती नजाकत कशावर उभी असते ते तुमच्या वाचकांना कळावं असं फार वाटतं.

लोकांना वाटतं फ्लॅमेंको म्हणजे बूट आपटायचे. बूट असतो चामड्याचा, बायकांच्या बुटाला पाच-सात सेंटीमीटरची भक्कम टाच, आणि चवड्याखाली आणि टाचेखाली बारीक बारीक खिळे अगदी खेटून ठोकलेले, त्यानं आवाज खणखणीत येतो. मग त्या एकाच पायातून वेगवेगळे आवाज काढायचे, अख्खा तळवा टाकला की एक, नुसता चवडा टाकला की दुसरा, टाच मारली की तिसरा, पाय मागं नेऊन बुटाचं टोक टेकवलं की चौथा. तबलजीचं बोट चाटेवर पडलं की शाईवर पडलं यावर जसा बोल ठरतो तसं हे पायाचं, आणि प्रत्येक आवाज सुटा, स्वच्छ यायला पाहिजे, एकात एक मिसळला की गुरू थांबवणार आणि पहिल्यापासून. गुडघे नाचभर किंचित वाकलेले ठेवायचे, ते सरळ झाले रे झाले की दणका थेट कमरेत. आणि एवढं सगळं खाली चालू असताना कमरेच्या वर धक्का दिसता कामा नये, छाती उचललेली, खांदे खाली, मान उंच, हात डोक्यावर गोल धरलेले आणि मनगटं आणि बोटं सावकाश फिरतायत, एकेक बोट मिटत आणि उघडत. पाय धावतायत आणि हात संथ, असे दोन वेग एकाच अंगात ठेवायचे. ज्यांना हे सोपं वाटतं त्यांनी घरी नुसते हात डोक्यावर गोल धरून दोन मिनिटं उभं राहून बघा, खांद्याच्या मागं पाठीत काय होतं ते लगेच कळेल.

त्यात तो मागं लांब घोळ असलेला झगा, बाता दे कोला म्हणतात त्याला, झालरीवर झालर, काही किलो वजन भरतं, आणि वळताना तो घोळ पायानं उडवून मागं टाकायचा, कंबर आणि मांडीच्या जोरावर. फोटोत तो नुसता सुंदर दिसतो. तो उचलणारी मांडी झग्याच्या आत असते ना, ती कशी दिसणार.

आता टाच उंच म्हटल्यावर वजन सगळं पुढं चवड्यावर येतं. मग चवड्याखालची हाडं दुखणं, टाच धरणं, नडगीत कळा, गुडघ्याच्या वाटीखाली दुखणं, अंगठ्याचं हाड बाहेर येणं, कधी कधी पायाच्या बारीक हाडाला चीर, आणि कंबर तर ठरलेलीच. १९८८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दहा फ्लॅमेंको नर्तकींना तळव्याखाली दाब मोजायची आणि गुडघ्याला, खुब्याला हादरे मोजायची यंत्रं लावून अभ्यास केला होता. त्यात दिसलं की हादऱ्यांचा जास्तीत जास्त भाग खुब्याचा सांधा पचवतो. आणि त्या बायकांच्या पाठ-मानेच्या आणि लघवीच्या ज्या तक्रारी होत्या त्यांचाही या हादऱ्यांशी संबंध असू शकतो असं त्या डॉक्टरांनी मांडलं. चवड्याखाली गादी घाला म्हणजे दाब कमी होईल असंही त्यांनी सुचवलं होतं, साधी गोष्ट.

हे लघवीचं मी मुद्दाम लिहितेय, कारण पेपरात कुणी लिहीत नाही आणि क्लासमध्ये कुणी बोलत नाही. माझ्याकडं तिशी-चाळिशीतल्या बायका हौसेनं येतात, बाळंतपणं झालेली, आणि तत्कार, म्हणजे कथकचं पायाचं काम, जरा जोरात धरला किंवा उडी आली की थेंब सुटतो. मग गडद रंगाचे ड्रेस, पॅड लावून येणं, मागच्या ओळीत उभं राहणं, आणि मग हळूहळू येणंच बंद, विचारलं तर घरी पाहुणे आहेत, पोराची परीक्षा आहे. अहो ओटीपोटाच्या तळाला स्नायू असतात, ते सैल पडलेले असतात, त्यांचे व्यायाम असतात, फिजिओथेरपिस्ट शिकवतात, बऱ्याच जणींना चांगला फरक पडतो. पण ते सांगायला आधी कुणीतरी विचारायला पाहिजे ना. आपल्याकडं आणि तिकडं बाईनं आवळून धरून नाचायचं आणि वरून हसरा चेहरा ठेवायचा.

फ्लॅमेंकोमध्ये कार्मेन आमाया म्हणून एक बाई होऊन गेली. बार्सिलोनातल्या सोमोर्रोस्त्रो नावाच्या समुद्रकाठच्या झोपडपट्टीतली, जिप्सी घरातली, लहान असल्यापासून बापाच्या गिटारवर नाचून पोट भरणारी. तोपर्यंत बायकांनी हात, खांदे, कंबर यांचं काम करायचं आणि जोरकस पायाचं काम पुरुषांनी, असं साधारण होतं. ही पँट घालून उभी राहिली आणि असं पायाचं काम केलं की बायकांच्या नाचाचं मापच बदललं. १९६३ साली मूत्रपिंडाच्या आजारानं गेली, आणि तिचा शेवटचा सिनेमा त्याच वर्षी पडद्यावर आला, आजारी असतानाच त्यात नाचलेली. तिच्याबद्दल बोलताना लोकांचे डोळे भरून येतात, माझेही येतात, पण मला राहून राहून आपल्या विठाबाई नारायणगावकरांची आठवण येते. तमाशा चालू असताना मागं जाऊन बाळंत झाल्या आणि परत बोर्डावर उभ्या राहिल्या, हा किस्सा महाराष्ट्रात कुणाला माहीत नाही? आपण तो अभिमानानं सांगतो. मला तो ऐकला की संताप येतो, विठाबाईंचा नाही, त्यांच्यावर माझी श्रद्धा आहे, पण त्या रात्री खेळ थांबवा म्हणणारं एक माणूस त्यांच्यासाठी नव्हतं याचा. आणि त्याच विठाबाईंची शेवटची वर्षं हलाखीत गेली. टाळ्या वाजवणारे तेव्हा कुठं होते.

शरीराचं निम्मं झालं, आता मनाचं, आणि ते मला जास्त अवघड गेलं.

फ्लॅमेंकोचे बरेचसे प्रकार बारा मात्रांचे. बारा म्हटलं की आपल्याला एकताल आठवतो, पण यांचे आघात ३, ६, ८, १०, १२ वर पडतात, म्हणजे दोनदा तीन आणि मग तीनदा दोन. तेवढं डोकं सांभाळून घेतं. पण आपल्याकडं सगळं येऊन सुटतं समेवर, पहिल्या मात्रेवर, तिहाई, म्हणजे तीनदा घेतलेला तुकडा, तिथं येऊन पडली की आपण श्वास सोडतो, ऐकणाराही मान हलवतो. त्यांच्या सोलेआ नावाच्या प्रकारात वाक्य संपतं दहाव्या मात्रेवर आणि अकरा-बारा मोकळे. कथक केलेल्या माणसाचे पाय दहावर थांबतात पण मन पुढं जाऊन एकावर उभं असतं, अंगाला बसलेलं ते सुटता सुटत नाही. किती वेळा वाटायचं की आपल्याला लयच कळत नाही, इतकी वर्षं शिकलो ते कुठं गेलं. असं वाटणं फार खचवून टाकतं, विशेषतः मोठ्या वयात नवीन शिकणाऱ्याला. आणि बुलेरियास नावाच्या वेगाच्या प्रकारात तर हेच बारा आकडे साडेतीन-चार सेकंदांत येऊन जातात, तिथं मोजत बसायला वेळच नसतो, ते अंगात असलं तर असतं.

त्यात खरा कार्यक्रम असतो तेव्हा रेकॉर्ड लावून नाचत नाहीत. गाणारा, गिटारवाला, टाळ्या देणारे, सगळे शेजारी बसलेले, आणि छोट्या जागांवर बऱ्याचदा फारशी तालीम न करता सगळं तिथंच जुळवायचं. नाचणाऱ्यानं पायानं इशारा द्यायचा, मग गाणारा गायला सुरुवात करतो, आणि तो गात असताना आपण पायांचा कल्लोळ करायचा नाही, त्याच्या शब्दांवर पाय पडता कामा नये, हलक्या पावलांनी लय धरून ऐकत राहायचं आणि तो कुठं श्वास घेतो ते हेरून तिथं उत्तर द्यायचं. आपल्या सवाल-जवाबासारखं थोडं, पण इथं समोर तबला नाही, माणसाचा आवाज आहे आणि तो पुढच्या ओळीत काय करेल ते आधी माहीत नाही. नाचणाऱ्या माणसाला थांबून ऐकायला लावणं यासारखी कठीण शिकवणी मी दुसरी बघितली नाही. पुढं मग पायाच्या कामाचा लांबलचक भाग येतो, एस्कोबिया म्हणतात, त्यात वेग आपणच हळूहळू चढवायचा, गिटार आपल्या मागून येणार, आणि सुरुवातीलाच उत्साहात वेग जास्त घेतला तर शेवटाला पाय भरून येतात आणि तेव्हा थांबायची सोय नसते. म्हणजे दम किती उरलाय, गाणारा कुठं आहे, मात्रा कितवी, हे सगळं डोक्यात आणि तोंडावर यातलं काही दिसू द्यायचं नाही.

आणि भाव. आपल्याकडं अभिनय असतो, मी राधा होते, यशोदा होते, त्या पात्राच्या आडून मला रडता येतं, चिडता येतं, लाजता येतं, आणि घुंगरू सोडले की ते पात्र तिथंच राहतं. सोलेआ किंवा सेगिरिया नाचताना कुणी पात्र नसतं, गोष्ट नसते. गाण्यात तुरुंग असतो, मरण असतं, आई असते, उपासमार असते, आणि त्याच्यासमोर तुम्ही तुमच्या नावानं उभे. आडोसा नाही. पुण्याच्या आमच्या बाई म्हणायच्या की चेहऱ्यानं काही करू नको, ऐक फक्त. आणि एकदा एका मुलीला, आयटीत काम करणारी, हसतमुख पोरगी, नुसतं हात वर घेऊन उभं राहायला सांगितलं, गाणं सुरू होतं, आणि ती जी रडायला लागली ती थांबेचना. तिचे वडील त्या वर्षी गेले होते, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. बाईंनी गाणं बंद केलं, तिला पाणी दिलं, आणि त्या दिवशी पुढं कुणालाच नाचवलं नाही. चांगला गुरू म्हणजे काय ते मी त्या दिवशी बघितलं, कारण दुसऱ्या एखाद्यानं तेच रडू स्टेजवर आणायला सांगितलं असतं.

ही गाणी एवढी जड का, तर ती ज्यांची आहेत त्यांनी ते भोगलंय. स्पेनमधले जिप्सी, खितानो, पंधराव्या शतकापासून तिथं, आणि त्यांच्यावर भाषेची, पोशाखाची, भटकण्याची बंदी वेळोवेळी आली, १७४९ मध्ये तर सरकारनं एकाच वेळी देशभर छापे घालून हजारो बायका-पोरं-पुरुष धरून नेले, बायका एकीकडं आणि पुरुष दुसरीकडं. त्यांचे पूर्वज आपल्या वायव्य भारतातून गेले हे भाषेवरून नक्की झालंय, पण व्हॉट्सॲपवर जे फिरतं ना की फ्लॅमेंको म्हणजे आपलं कथकच, ते कृपा करून छापू नका, ते लोक निघाले त्याला हजारएक वर्षं झाली आणि आजचं कथक त्याच्या खूप नंतर घडलं. दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियात अरब, ज्यू, स्पॅनिश, जिप्सी सगळ्यांचं मिसळून ते झालंय. २०१० साली युनेस्कोच्या वारसा यादीत आलं.

लोर्का म्हणून त्यांचा मोठा कवी, त्यानं १९३३ मध्ये ब्युनोस आयर्सला दिलेल्या भाषणात एक गोष्ट सांगितलीय, की हेरेसच्या एका नाचाच्या स्पर्धेत सुंदर सुंदर तरुण पोरी होत्या आणि बक्षीस नेलं ऐंशी वर्षांच्या म्हातारीनं, तिनं केलं काय, तर हात वर घेतले, मान मागं टाकली आणि पाय एकदा आपटला. आतून जे येतं त्याला ते दुएंदे म्हणतात. मला ही गोष्ट फार आवडते, कारण फ्लॅमेंकोमध्ये वय झालेल्या, सुटलेल्या अंगाच्या बाईला खरोखर मान असतो, कार्यक्रमाच्या शेवटी आजीबाई उठतात आणि चार पावलं टाकतात आणि सगळे उभे राहतात. आमच्याकडं पोरगी सोळा वर्षांची झाली आणि जरा अंगानं भरली की आईच म्हणते, मॅडम हिला मागच्या ओळीत घ्या. पण याच दुएंदेच्या नावाखाली, आपल्याकडं साधनेच्या नावाखाली, दुखलं तरी नाच, रक्त आलं तरी नाच, त्याशिवाय कला येत नाही असं जे शिकवलं जातं ते मला मान्य नाही. ती ऐंशी वर्षांची बाई स्पर्धेत उभी राहू शकली कारण तिचे गुडघे शाबूत होते.

आता सांगलीवर येते.

आपला जिल्हा पैलवानांचा. कवठेपिरानचे मारुती माने, पुनवतचे गणपतराव आंदळकर, दोघांनी १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सोनं आणलं. गावोगावी तालमी आहेत आणि अजून पोरं शड्डू ठोकतायत, चांगलंच आहे. त्या तालमीतली माती कधी जवळून बघितलीय का? माझे आजोबा तालमीत जायचे म्हणून मला माहीत आहे. लाल माती आणून चाळायची, त्यात तेल, ताक, लिंबू, हळद, काव घालायची, रोज खोऱ्यानं उकरायची, खडा दिसला की उचलून बाहेर टाकायचा. का, तर त्यावर माणसाचं अंग पडणार आहे. मेहनतीआधी अंग गरम, नंतर मालीश, खुराक ठरलेला, दुखलं खुपलं तर वस्ताद म्हणणार आठ दिवस माती नाही. शतकानुशतकांचं शहाणपण आहे ते आणि ते आपल्याच जिल्ह्यात आहे. मग त्याच घरातली पोरगी कथकला, भरतनाट्यमला, लावणीला जाते तेव्हा ती कशावर नाचते? फरशीवर. पार्किंगच्या कोब्यावर. सोसायटीच्या टेरेसवर, मे महिन्यात सकाळी आठलाच पाय भाजतात अशा. कथकमध्ये तर बूटही नाही, अनवाणी अख्खा तळवा, दोन्ही पायांत मिळून दोनशेच्या आसपास घुंगरू, एका बैठकीत हजारो पावलं, आणि खाली सिमेंट, जे एक केसभर दबत नाही. सगळा दणका परत वर नडगीत, गुडघ्यात, खुब्यात. फ्लॅमेंकोवाले एवढे कडक बूट घालतात पण लाकडाच्या फळ्यांवर नाचतात, आवाजासाठी तर आहेच पण पायांसाठीही, कोणताही शहाणा नर्तक सिमेंटवर नाचायला तयार होत नाही.

ज्या गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभं केलं, ज्याला आपण नाट्यपंढरी म्हणतो, त्या गावात नाचणाऱ्यासाठी नीट जमीन असावी एवढंच मागतेय. आणि ते काही लाखांचं काम नाही. सिमेंटवर रबराचे तुकडे, त्यावर लाकडाच्या पट्ट्या, त्यावर प्लायवूडचे दोन थर, वरचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही, बस. वर चकाकणारं गुळगुळीत लॅमिनेट नको, पाय घसरतो, जाड गालिचाही नको, पाय अडकतो आणि घोटा फिरतो. गावभागात २०१९ च्या महापुरानंतर तळमजल्यावर लाकूड घालायला कुणी धजत नाही, ते बरोबरच आहे, पण सुटे पाट करता येतात, चार बाय चारचे, एकमेकांत अडकणारे, पाणी चढतंय म्हटलं की दोन पोरं ते वर नेऊन ठेवतील.

गॅदरिंगचं तर काय सांगू. जानेवारीची थंडी, पोरी चार वाजल्यापासून मेकअप करून, पातळ सॅटिनचे ड्रेस घालून वर्गात बसलेल्या. सात वाजता पाहुणे येणार ते आठला येतात. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, अहवालवाचन, मग पाहुण्यांचं भाषण, मग बक्षिसं, आणि साडेनऊ-दहाला पहिला नाच. पाच-सहा तास पोरींनी काही खाल्लेलं नसतं कारण लिपस्टिक जाईल, पाणी कमी प्यायलेल्या असतात कारण बाथरूमला ड्रेस काढावा लागेल. अंग पार गार. आणि मग एकदम त्यांना उभं करून सगळ्यात वेगाचं गाणं. स्टेज म्हणजे लोखंडी सांगाड्यावर फळ्या आणि वर हिरवं मॅटिंग, फळ्यांमध्ये फट असली तरी वरून दिसत नाही. एका शाळेत मी परीक्षक म्हणून बसले होते, आठवीतली मुलगी, गिरकी घेताना तिचा उजवा पाय त्या मॅटिंगखालच्या फटीत गेलेला मला समोरून दिसला. तिचं तोंड क्षणभर पांढरं पडलं आणि परत हसरं झालं. उरलेला सगळा नाच तिनं डाव्या पायावर वजन घेऊन केला, एक ठोका चुकली नाही. निवेदकाला कुणीतरी सांगितलं असावं, त्यानं माइकवर जाहीर केलं की हिच्या पायाला लागलंय तरी नाच सोडला नाही, याला म्हणतात जिद्द, जोरदार टाळ्या. मी मागं गेले तर ती बाकावर बसलेली, घोटा सुजून घुंगरांच्या पट्ट्यात रुतलेला, गाठ सुटेना म्हणून एक बाई दोरी कात्रीनं कापत होत्या आणि पोरगी म्हणत होती, मॅडम घुंगरू नका कापू, क्लासचे आहेत. घोट्याच्या हाडाला चीर निघाली. पुढचे कितीतरी महिने नाच बंद, आणि नंतर ती परत आलीच नाही असं कळलं. ही जिद्द मला नकोय हो. त्या पोरीला कुणीतरी सांगायला पाहिजे होतं की दुखलं तर थांब, खाली ये, आम्ही कुणी तुला नावं ठेवणार नाही.

मनाचं म्हणाल तर तिथंही तसंच. क्लासला येणाऱ्या पोरी आठवी-नववीत आल्या की आरशात बघायचं टाळतात, नाचताना दुपट्टा ओढत राहतात, कारण कुणीतरी रील टाकलेलं असतं आणि खाली कुणीतरी काहीतरी लिहिलेलं असतं. दहावीला नाच बंद, तो तर जणू नियमच आहे, एका दिवसात सगळं बंद, आणि मग परीक्षा संपल्यावर एप्रिलात अरंगेत्रम, म्हणजे पहिला जाहीर कार्यक्रम, किंवा नाचाच्या परीक्षेची घाई, वर्षभर न वापरलेल्या पायांवर एकदम रोज तीन-तीन तास. दुखापती सगळ्यात जास्त तेव्हाच येतात माझ्याकडं. आठवड्यात एखादा तास जरी चालू ठेवला ना तरी अंगही राहतं आणि पोरीचं डोकंही ठिकाणावर राहतं, हे आईवडिलांना समजावून समजावून थकायला होतं पण मी सांगत राहणार.

मिरज जवळ आहे, तिथं हाडांचे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट काही कमी नाहीत, बाहेरच्या जिल्ह्यातून, कर्नाटकातून लोक येतात. पण नाचणारी मुलगी दुखणं घेऊन गेली की बहुतेक वेळा ऐकायला मिळतं, नाच बंद करा. खेळाडूला कुणी खेळ बंद कर म्हणत नाही, त्याला सांगतात किती आठवडे थांब, कोणता व्यायाम कर, कधी परत सुरू कर. नाचणारीलाही तेवढंच सांगा, तिनं काय नाचते ते दाखवलं तर पाच मिनिटं बघा, एवढी विनंती आहे. आणि आम्हा शिकवणाऱ्यांनी तासाची पहिली दहा-पंधरा मिनिटं अंग गरम करायला आणि शेवटची दहा पोटऱ्या, मांड्या सैल करायला ठेवायलाच पाहिजेत, फी देणाऱ्या पालकांना ते वेळ घालवणं वाटलं तरी.

शाळांचं गॅदरिंग अजून लांब आहे, दिवाळीच्या सुट्टीत स्टेजच्या फळ्या बघून घ्यायला वेळ आहे, फटी बुजवा, वर प्लायवूड टाका, मॅटिंग ताणून चारी बाजूंनी ठोका. नाच आधी आणि सत्कार नंतर ठेवा, पाहुणे थांबतील, आणि पोरींना स्टेजमागं अंग गरम करायला एक खोली आणि केळी-शेंगदाण्याचे लाडू एवढं द्या. नाट्यगृहं ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांनी एकदा अनवाणी स्टेजवर चालून बघावं, खिळे कुठं वर आलेत ते पायालाच कळेल. मी माझ्या क्लासमध्ये सुटे पाट करून घेतलेत, त्याचं माप, लाकूड कोणतं, सुतारानं किती घेतले, सगळं कागदावर लिहून ठेवलंय, कुणा शाळेला, क्लासला, मंडळाला पाहिजे असेल तर तुमच्या ऑफिसमध्ये झेरॉक्स आणून ठेवते, तिथून घेऊन जाऊ द्या.

आपली,
एक नृत्यशिक्षिका
विश्रामबाग, सांगली